ऊस ट्रॉलीची तपासणी कारखान्याच्या फाटकावर करा

मा. संपादक,
स. न.

गाळप हंगाम तोंडावर आला आहे. आता कारखान्यांवर वाहतूकदारांचे मेळावे होतील, आरटीओचे अधिकारी आणि पोलीस येतील, ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतानाचे फोटो पेपरात छापून येतील. उपक्रम चांगलाच आहे. पण डिसेंबरपर्यंत त्या रिफ्लेक्टरचं काय होतं, ते रात्री कराड-विटा रस्त्याने येणाऱ्या कुठल्याही मोटारसायकलवाल्याला विचारा.

मी एसटीत चालक होतो. याच पट्ट्यात मुक्कामी गाड्या नेल्या. भरलेली ट्रॉली फडातून निघते तेव्हा मागची फळी चिखलाने माखलेली असते, लाल पट्टी त्याखाली गडप. ऊस मागे हातभर बाहेर आलेला, त्याचं पाचट खाली लोंबतं आणि दिवा असलाच तर तोही झाकून टाकतं. बऱ्याचदा दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत जाणारी वायरच तुटलेली असते. ट्रॅक्टर पंधरा-वीसच्या वेगाने चाललेला, आपण साठने येतोय, त्यात समोरच्या गाडीचा अप्पर लाइट डोळ्यावर. ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक मारायला जागा उरलेली नसते. पंक्चर झालं की चाकाला दगड लावतात आणि काम झाल्यावर ते तिथेच रस्त्यात टाकून जातात. माझ्या गावातली दोन तरुण पोरं अशी गेली आहेत.

दोष एकट्या ड्रायव्हरचा नाही. तो रोजंदारीवरचा पोरगा. ट्रॅक्टर मालकाने उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, वाहतुकीचा दर टनावर. जेवढं जास्त भरेल तेवढं बिल. मग भरणार नाही तर काय?

रात्री रस्त्यावर अडवून हे थांबणार नाही. एवढी माणसं आरटीओकडे नाहीत, आणि दोन ट्रॉल्यांचा जादा ऊस रस्त्याकडेला उतरवायचा कुठे? पण जिल्ह्यातली प्रत्येक ट्रॉली एका ठिकाणी आपणहून येऊन थांबते: कारखान्याच्या वजनकाट्यावर. गाडी नंबर, वजन, वेळ सगळं काट्याच्या पावतीवर छापून येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड २०१९ पासून आहे. तो चालवणाऱ्यालाच नव्हे, चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही लागतो. पुरावा रोज कारखान्याच्या संगणकात जमा होतोय, तो बघायला कुणी जात नाही.

भरलेली ट्रॉली काट्यावरून परत पाठवा, असं मी म्हणणार नाही. ऊस वाळला तर नुकसान शेतकऱ्याचं. तपासणी रिकामी ट्रॉली बाहेर पडताना करा. पट्टी पुसून स्वच्छ केलेली आहे का, दोन्ही ट्रॉल्यांचे मागचे दिवे लागतात का, एवढं बघायला पाच मिनिटं पुरतात. नसेल तर दुरुस्त होईपर्यंत पुढची खेप नाही. जादा वजनाच्या पावत्या दर आठवड्याला आरटीओकडे जाव्यात आणि दंड मालकाच्या वाहतूक बिलातून कापावा. आम्हाला मागचा दिवा बंद असलेली गाडी आगाराबाहेर काढायची नाही अशी शिस्त होती. फाटकावरच अडायची. वैताग यायचा, पण रात्रीच्या रस्त्यावर त्याचा उपयोग कळायचा.

गाळप परवाना पुण्याचं साखर आयुक्तालय देतं. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, थकवणाऱ्या कारखान्याचा परवाना ते अडवू शकतं, मग फाटकावरच्या तपासणीची अटही घालू शकतं. साखर आयुक्त आणि परिवहन आयुक्त यांनी यंदाचे परवाने देण्याआधी एकत्र बसून ही अट लेखी घालावी. हंगाम सुरू झाल्यावर ट्रॉल्या थांबवणं कुणालाच जमत नाही.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक
ता. कडेगाव, जि. सांगली