तुझी अकरा नावांची यादी

पुणे,
रविवार, सकाळ.

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची, शिकण्याजोग्या प्रोग्रॅमिंगच्या भाषा व तंत्रांची, अकरा नावांची यादी मिळाली. सोळा वर्षे हिंजवडीत जावा या भाषेत प्रोग्रॅम लिहिल्यावर प्रोजेक्ट बंद पडावा, दोन महिने बेंचवर, म्हणजे कामाविना, काढावे लागावेत आणि साताऱ्याच्या घरी बसून रोज नव्या जाहिराती वाचण्याची वेळ यावी, याचा तुला किती मनस्ताप होत असेल ते मी जाणतो. परवा फोनवर तू विचारलेस, ‘यातले आधी काय शिकू?’ आणि मी ‘पायथॉन घे’ असे सांगून मोकळा झालो. फोन ठेवल्यापासून ते उत्तर मला खटकते आहे. तुझा प्रश्न एका शब्दात उरकण्यासारखा नव्हता, म्हणून आज निवांत लिहायला बसलो आहे.

तुझी यादी जाहिरातींवरून तयार झाली आहे, हे पाहताक्षणी कळते. गो, रस्ट, कॉटलिन, पायथॉन, टाइपस्क्रिप्ट, दोन क्लाउडची सर्टिफिकेशन, पुढे मशिन लर्निंग आणि आणखी काही. जाहिरात दुसऱ्याची आजची गरज सांगते. तुला काय येते आणि कशाचा विचार तुला आजवर कधी करावाच लागला नाही, हे तिला ठाऊक नसते. माझे मत असे आहे की तुझ्यासारख्या मुरलेल्या माणसाने नवी भाषा निवडताना पाहावे ते एवढेच: जावाने सोळा वर्षांत जो प्रश्न आपल्याला विचारला नाही, तो ही भाषा विचारते का, आणि त्या प्रश्नाला भिडण्यासाठी आपल्या हाताशी एखादे खरेखुरे काम आहे का.

हे मत मला सहज सुचलेले नाही. २००८ साली मीही जाहिराती वाचूनच ॲक्शनस्क्रिप्ट, म्हणजे वेबवरची चलचित्रे आणि खेळ दाखवणाऱ्या फ्लॅशची भाषा, शिकायला घेतली होती. एका क्लासची भरमसाट फी भरली आणि दीड वर्ष रात्री जागवल्या. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी ॲपलच्या फोनवर फ्लॅश का चालणार नाही याचे जाहीर पत्र लिहिले, त्यानंतर माझ्याकडची कामे आटत गेली, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅश प्लेअरचा पाठिंबा कायमचा थांबवला. मी पाठ केलेली लायब्ररीतली (भाषेसोबत येणाऱ्या तयार कोडमधली) शेकडो नावे त्याबरोबर गेली. मात्र त्या भाषेने मला एक गोष्ट शिकवली होती, ती गेली नाही. फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कामाचा तुकडा, हीदेखील एखाद्या संख्येसारखी वस्तू आहे, ती दुसऱ्या फंक्शनच्या हाती सोपवता येते आणि ‘अमुक घडले की हे कर’ असे सांगून ठेवता येते, हे मला तिथे कळले. मार्च २०१४ मध्ये जावा ८ लॅम्डा, म्हणजे अशीच हाती सोपवता येणारी फंक्शन, घेऊन आली तेव्हा आमच्या टीममधले अनुभवी लोक अडखळत होते आणि मला ते ओळखीचे वाटत होते. दीड वर्षाच्या कष्टांतले एवढेच शिल्लक राहिले, पण ते आजही रोज उपयोगी पडते.

या कसोटीवर तुझ्या यादीतली बरीच नावे आपोआप खाली जातात. कॉटलिन चांगली भाषा आहे, २०१७ पासून अँड्रॉइडसाठी तिला गूगलची अधिकृत मान्यताही आहे, परंतु ती तुझ्याच ओळखीच्या जेव्हीएमवर, म्हणजे जावाचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेवर, चालते. गरज पडेल तेव्हा तू दोन आठवड्यांत कामापुरती शिकशील, त्यासाठी आज झोप मोडू नकोस. सर्टिफिकेशन नोकरी मिळाल्यावर कंपनीच्या खर्चाने करता येते. त्याउलट यादीत नसलेल्या दोन गोष्टी मी सर्वांत वर लिहीन. पहिली म्हणजे खुद्द जावा. तुझा प्रोजेक्ट अखेरपर्यंत जावा ८ वर होता, असे तूच म्हणालास. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड (एका प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांचे हलके रूप) आहेत, रेकॉर्ड आहेत, पॅटर्न मॅचिंग आहे. इंटरव्ह्यूमध्ये तुला पहिल्यांदा याच विषयावर धरतील. दुसरी गोष्ट एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडण्याच्या पद्धतीचा, निबंध १९७० साली लिहिला आणि त्यावर उभी राहिलेली ही भाषा अजून हलली नाही. डेटाबेसमधल्या लाखभर ओळी जावात ओढून आणून लूपमध्ये बेरीज करणारा कोड आपण दोघांनीही लिहिला आहे. त्यातली विंडो फंक्शन (ओळींच्या गटावर बेरजेसारखी गणिते करणारी) आणि इंडेक्स (ओळ चटकन सापडावी म्हणून केलेली सूची) नीट समजून घेतलेस तर तसा कोड पुन्हा लिहिणार नाहीस.

आता मी पायथॉन का शिकलो ते सांगतो, कारण फोनवरचे माझे उत्तर तिथूनच आले होते. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात. टँकरचे पैसे सदनिकांमध्ये वाटून घ्यायचे आणि कोणी भरले, कोणी नाही, याची नोंद ठेवायची. चिटणीसांच्या वहीत एक यादी, खजिनदारांच्या एक्सेलमध्ये दुसरी. दोन्ही जुळवणारा प्रोग्रॅम मी चार संध्याकाळी बसून पायथॉनमध्ये लिहिला. महिनाअखेर त्याने निकाल दिला की कुऱ्हाडे यांचे पैसे बाकी आहेत. मी त्याच भरवशावर त्यांना चिठ्ठी पाठवली. कुऱ्हाडेकाका पावती घेऊन वर आले. ते शांतपणे म्हणाले, ‘बाळा, मी दोन तारखेलाच दिलेत.’ पावतीवर तारीख होती, खजिनदारांची सही होती. त्या वयाच्या माणसाला माझ्यामुळे तीन जिने चढून स्वतःचा खरेपणा सिद्ध करावा लागला, याची मला अतिशय लाज वाटली.

त्या रात्री मी दोन्ही फायलींतली ‘कुऱ्हाडे’ ही अक्षरे सुटी करून पाहिली. पडद्यावर दोन्ही नावे तंतोतंत सारखी होती. वहीची यादी चिटणीसांच्या मुलाने फोनवर टाइप केली होती, तिच्यात खाली टिंब असलेला ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘ह’ असा क्रम होता. खजिनदारांच्या संगणकावर साधा ‘र’, हलन्त, एक न दिसणारे जोडचिन्ह आणि मग ‘ह’ असा क्रम होता. दोन्ही पद्धतींनी अर्धा र तसाच उमटतो, म्हणून वाचणाऱ्याला फरक दिसत नाही. प्रोग्रॅमला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक क्रमांकपद्धतीत, अक्षरांचे प्रमाण रूप करून घेण्याची सोय आहे, ती वापरून पाहिली, पण हे दोन क्रम तिच्यामुळे एक होत नाहीत. शेवटी जोडचिन्हाचा क्रम ओळखून त्या जागी ‘ऱ’ घालणारी ओळ मी स्वतः लिहिली आणि दुसऱ्या दिवशी काकांकडे जाऊन क्षमा मागितली. तुझ्या पत्त्यातल्या ‘साताऱ्या’तही हाच अर्धा र आहे, हे लक्षात ठेव.

या प्रकरणातून मी जे शिकलो ते पायथॉनपुरते नव्हते. त्यानंतर मी कुतूहलाने ‘पुणे’ या शब्दाची लांबी वेगवेगळ्या भाषांना विचारून पाहिली. तुझी माझी गणती दोन अक्षरांची. पायथॉन आणि जावा चार म्हणतात, कारण त्या प, उकार, ण आणि मात्रा वेगळे मोजतात. गो बारा म्हणते, कारण ती बाइट मोजते आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. स्विफ्ट दोन म्हणते, कारण तिने वाचणाऱ्याच्या डोळ्याला दिसणारे अक्षर हे माप धरले आहे. चूक यातले कोणीच नाही. प्रत्येक भाषेच्या कर्त्यांनी ‘लांबी म्हणजे काय’ याचा वेगळा निर्णय घेतला आहे, आणि जावात राहून मी सोळा वर्षे असा काही निर्णय असतो हेच विसरलो होतो. दुसरी भाषा शिकण्याचा खरा लाभ मला यात दिसतो.

तुझ्यासाठी मी गो निवडेन, आणि त्याचे कारण सविस्तर सांगतो. तू बँकेच्या प्रणालीत वर्षानुवर्षे थ्रेड आणि लॉक सांभाळले आहेस. एकाच हिशेबाला दोन थ्रेडनी एकदम हात लावू नये म्हणून कुलूप लावायचे, आणि दोन कुलपे उलट क्रमाने लागली की सगळे ठप्प होते, या दुखण्यात तुझ्या कितीतरी रात्री गेल्या. गो हाच प्रश्न वेगळ्या बाजूने मांडते: एकच वही सगळ्यांनी हाताळण्याऐवजी प्रत्येकाने आपले काम करावे आणि निरोप वाहिनीतून पुढच्याकडे पाठवावा. ही कल्पना गोबरोबर २००९ साली गूगलमध्ये जन्मली असे पुष्कळांना वाटते. वास्तविक संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी ती १९७८ साली निबंधात मांडली. तिच्या आधाराने ऑकम नावाची भाषा तयार झाली, आणि ती भाषा ज्या ट्रान्सप्युटर चिपसाठी होती, त्याच जातीच्या चिप एकत्र जोडून आपल्या पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला. आपण शाळेत जात होतो तेव्हा या गावात ते यंत्र चालू होते. गणेशखिंडीतून जाताना मला अनेकदा वाटते की आज ‘नवे तंत्रज्ञान’ म्हणून जे आपल्यापुढे येते, त्यातले किती आपल्या दारावरून आधीच जाऊन आले आहे! भाषेचे नाव बदलते, निरोप पाठवून काम वाटण्याची कल्पना तीच राहते, आणि ती एकदा अंगवळणी पडली की जावा २१ चे व्हर्च्युअल थ्रेडही तू अधिक जाणतेपणाने वापरशील.

रस्ट मला मनापासून आवडते, तरी ती पुढच्या वर्षासाठी ठेव. तिचा प्रश्न सर्वांत मोठा आहे: मेमरीतल्या या वस्तूचा मालक कोण, उसनी कोणी घेतली आणि ती परत केव्हा येणार? जावात हे सगळे गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा, पाहतो, म्हणून आपल्याला त्याची सवय नाही, आणि पहिले काही आठवडे कंपायलर (कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) जवळजवळ प्रत्येक ओळ परत पाठवतो. घराचा हप्ता सुरू असताना आणि मनावर ताण असताना ती चढण आत्ता घेऊ नयेस असे मला वाटते. गोचे व्याकरण लहान आहे, तू महिन्याभरात उपयोगाचे काही लिहू लागशील, आणि या घडीला तुला त्या आत्मविश्वासाची गरज आहे.

तू असेही लिहिलेस की हल्ली यंत्राला सांगितले तर तेच कोड लिहून देते, मग चाळिशीनंतर ही धडपड कशाला. मीही ती साधने रोज वापरतो. कुऱ्हाडेकाकांच्या प्रकरणानंतर तोच प्रश्न मी एका साधनाला घातला, तर त्याने काही क्षणांत नीटनेटका प्रोग्रॅम दिला आणि त्यात नावे जशीच्या तशी ताडून पाहिली होती. म्हणजे माझीच चूक माझ्याहून सफाईने केली होती. ‘अर्ध्या रचे काय?’ असे विचारल्यावर त्याने ती लगेच दुरुस्त केली. परंतु तो प्रश्न विचारायला अर्धा र आधी कोणीतरी भोगलेला असावा लागतो. तू जितके खोल जाणशील तितके नेमके विचारशील, म्हणून मला ही धडपड पूर्वीपेक्षाही मोलाची वाटते.

शिकण्याच्या पद्धतीबद्दल थोडेच सांगतो. व्हिडिओ पाहून आपल्याला समजल्यासारखे वाटते आणि हात तसेच कोरे राहतात. कॉलेजात टर्बो सी या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाच्या निळ्या खिडकीपुढे आपण एका संगणकावर दोघे बसायचो, एकजण टाइप करायचा आणि दुसरा चूक दाखवायचा. त्या वर्षी आपण जेवढे शिकलो तेवढे नंतर क्वचितच शिकलो असू. सकाळी एक तास ठेव, आणि त्या तासात स्वतःच्या हाताने लिही. गोची प्रमाण लायब्ररी बहुतांशी गोमध्येच लिहिलेली आहे आणि वाचायला सोपी आहे, तिचे रोज एखादे पान वाच.

आणि कामासाठी लांब जाऊ नकोस. तुझ्या धाकट्या भावाचे दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळची लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घनपदार्थ), त्यावरून दर, आणि दर दहा दिवसांनी प्रत्येकाचे बिल. तो अजून हे वहीत करतो आणि बिलाच्या आदल्या रात्री वहिनींना जागरण होते, असे तूच मागे सांगितले होतेस. हे काम गोमध्ये लिही. दोन गोष्टींची काळजी घे. पैसे दशांश अपूर्णांकात ठेवू नकोस, सगळा हिशेब पूर्णांक पैशांत कर, ०.१ आणि ०.२ यांची बेरीज संगणकात नेमकी ०.३ येत नाही, हे तुला जावातूनही माहीत आहे, आणि दूध घालणाऱ्याला दहा पैशांचाही फरक जाणवतो. दुसरी गोष्ट नावांची. प्रत्येक शेतकऱ्याला क्रमांक दे आणि हिशेब क्रमांकावर ठेव, नाव फक्त छापण्यासाठी वापर.

भावाकडचा दरपत्रकाचा तक्ता आणि मागच्या दहा दिवसांच्या वहीच्या पानांचे फोटो मला पाठव. पुढच्या रविवारी मी सकाळच्या एसटीने साताऱ्याला येतो. पहिल्या दिवशी आपण पूर्वीसारखे एकाच संगणकापुढे बसू, तू टाइप कर, मी चुका दाखवीन. वहिनींना माझा नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाकावरचा जुना सोबती