ट्रान्समवरचा खडू पुसणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

चारचौघांत आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, हे ठाऊक आहे. पण माझ्यासाठी बोटी पारखायला तुम्ही आलात आणि येण्याजाण्याच्या पेट्रोलचेही पैसे घेतले नाहीत, त्यामुळे एवढं तरी सोसावं लागेल.

पुण्याचा माणूस सेंटर कन्सोल, म्हणजे मधोमध सुकाणू असलेली उघडी बोट बघतोय म्हटलं की विकणाऱ्याचा चेहरा उजळतो. समुद्र घाटापलीकडे, गिऱ्हाइकाला काय कळणार! तुमच्याआधी ज्यांनी बोटी दाखवल्या, त्यांना कप होल्डर किती, पाण्याखालचे निळे दिवे किती, स्पीकर कुठल्या कंपनीचे, सगळं तोंडपाठ होतं. ट्रान्समच्या, म्हणजे इंजिन लावतात त्या मागच्या उभ्या भिंतीच्या आत काय भरलंय असं विचारलं की उत्तर एकच, ‘सर, फुल फायबर.’ एकाने तर ट्रायल म्हणून धरणाच्या पाण्यावर फिरवून आणायची तयारी दाखवली. सपाट पाण्यावर दरवाजाची फळीसुद्धा छान पळेल.

तुम्ही किमतीआधी विचारलंत, ‘परत कधी येणार, सकाळी की दुपारनंतर?’ सगळी निवड या प्रश्नावर ठरते. फेब्रुवारी ते मे कोकणात दुपारनंतर वायव्येचा वारा धरतो आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. तळाचा व्ही, म्हणजे तळ मधल्या रेषेपासून कडेकडे जितका वर चढतो तो कोन, १२ ते १५ अंशांचा असेल, तर बोट उभी असताना स्थिर वाटते, कमी ताकदीत पळते, पण त्या लाटांवर अशी आपटते की मणके ढिले होतात. २२ ते २४ अंशांचा तळ लाट कापतो, पण इंजिन मोठं मागतो आणि वाहत्या पाण्यावर गळ टाकून बसलं की डोलतो. मधल्या किमतीच्या, २० ते २२ फुटांच्या बोटीला १८ ते २० अंश पुरेत, असं तुमचं म्हणणं. ते मला पटलं, आणि हा कोन मागच्या टोकाला मोजायचा, काही जाहिरातींत पुढचा, नाळेजवळचा छापतात, हेही तुम्हीच सांगितलंत.

मधल्या किमतीचा खरा प्रश्न असा की बनवणाऱ्याने हात कुठे आखडला. बाहेरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा रंगीत थर, सगळ्यांचाच चमकतो. तुम्ही डेकवरची झाकणं उलटी करून बघायला लावलीत. खालून कच्चे धागे टोचत असतील, तर न दिसणाऱ्या बाकीच्या जागीही तीच कथा. दोर बांधायच्या क्लीटखाली आरपार बोल्ट आणि मागे पट्टी आहे, की नुसते स्क्रू? उधाणाच्या पाण्यात नांगराचा झटका बसला की स्क्रू फायबरचा तुकडा घेऊन बाहेर येतात. वायर टिनचा मुलामा दिलेली आहे की साधं तांबं, ते कळायला टर्मिनलच्या मागे सेंटिमीटरभर आवरण सोलायचं. तार काळी-हिरवी निघाली तर ती वायरिंग बदलायचीच, भाव त्या हिशेबाने करायचा.

आता आपण शेडमध्ये बघितलेल्या त्या बोटीबद्दल. ती मनात भरली होती, हे तुम्हाला दिसत होतं, आणि तरीही ‘घेऊ नका’ हे तुम्ही तोंडाने म्हणाला नाहीत. बोट नुकतीच धुतलेली, म्हणजे मॉइश्चर मीटर खोटं बोलणार, म्हणून ते पिशवीतच ठेवलंत. नायलॉनची हातोडी माझ्या हातात दिलीत आणि स्वतः खडू घेऊन उभे राहिलात. इंजिनाच्या वरच्या बोल्टांपासून ड्रेन प्लगपर्यंत, चार बोटांच्या अंतरावर एकेक हलका ठोका. थर घट्ट असले की आवाज कडक येतो. आतलं प्लायवूड भिजून थर सुटले असले की तोच ठोका बसका येतो आणि हातोडी उडी मारत नाही. प्रत्येक बसक्या ठोक्याला तुम्ही फुली मारत गेलात. फुल्या वाढत वाढत थेट फिशफाइंडरच्या (मासे शोधायच्या यंत्राच्या) ट्रान्सड्यूसरपाशी, म्हणजे ट्रान्समवर बसवलेल्या सेन्सरपाशी जमल्या. सीलंटशिवाय मारलेले ते दोन स्क्रू. पाणी तिथून शिरलं आणि लाकडाने ते वरपर्यंत ओढलं. मग इंजिन अर्धं वर उचलून तुम्ही खालच्या टोकाला भार दिलात. ट्रान्समची वरची कड डोळ्यांना दिसेल इतकी हलली आणि कोपऱ्यातल्या बारीक चिरा उघडल्या-मिटल्या. निर्णय झाला होता.

मला सांगायचंय ते यानंतरचं. मालकाला तुम्ही बाजूला घेतलंत. काय झालंय, आतला थर कापून गाभा कसा बदलायचा, पुढच्या गिऱ्हाइकाला हे सांगूनच विका, असं हळू आवाजात सांगितलंत. आणि निघण्याआधी फडकं ओलं करून ट्रान्समवरच्या सगळ्या फुल्या पुसल्यात. जेलकोट गडद निळा, त्यामुळे एकदा पुसून खडूचा पांढुरका थर उरला. तुम्ही बादलीतलं पाणी बदललंत, फडकं पिळलंत, पुन्हा पुसलंत, बोल्टांच्या वॉशरभोवतीसुद्धा. मी कशाला म्हणून विचारलं, तर म्हणालात, ‘त्यांची वस्तू आहे. आपण घेत नाही म्हणून तिच्यावर लिहून ठेवायचं?’

काका, या धंद्यात ज्याला चार गोष्टी जास्त कळतात तो त्या दोन प्रकारे वापरतो. एक तर कमिशनसाठी गप्प बसतो, नाहीतर समोरच्याची बोट गावभर नासकी ठरवून स्वतःची हुशारी मिरवतो. तुम्ही दोष पूर्ण सांगितलात, ज्याला सांगायचा त्याला सांगितलात, आणि त्याचा तमाशा केला नाहीत. हे जमायला मशीनचं ज्ञान लागत नाही, म्हणूनच बहुधा दुर्मिळ आहे. त्या मालकाने पुढे ट्रान्सम खरंच उघडून काम करून घेतलं. चारचौघांत पाणउतारा झाला असता तर केलं असतं का, शंका आहे.

नंतर जी बोट घेतली, तिच्यावर तुमचे सगळे नियम लावले. इंजिनाच्या कव्हरला आधी हात लावला, ते गार होतं. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन सगळ्यांसमोर शहाण्यासारखं सुरू होतं, त्याचा उपयोग नाही. सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आलं. गिअर ऑइलचा थेंब बोटावर घेतला, तर तो दुधाळ नव्हता, म्हणजे सील शाबूत. पूर्ण थ्रॉटलला, चार माणसं आणि भरल्या टाकीनिशी, आरपीएम कंपनीने सांगितलेल्या पट्ट्यापेक्षा कमी येत होते. पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा जितकं पुढे सरकेल ते अंतर) एक इंचाने कमी केला की १५० ते २०० आरपीएम वाढतात, हे तुमचं गणित तंतोतंत उतरलं.

चारही माणसांना मागच्या कोपऱ्यात उभं केलं तेव्हा एका स्कपरमधून, म्हणजे डेकवरचं पाणी बाहेर जायच्या भोकातून, उलट पाणी डेकवर आलं. विकणारे याला ‘नॉर्मल’ म्हणतात. डेक पाण्याच्या पातळीपेक्षा पुरेसा वर नसेल तर सेल्फ-बेलिंग (डेकवरचं पाणी आपोआप बाहेर जाणं) हा शब्द नुसता पत्रकापुरता. इथे सुदैवाने दोष बॅटऱ्यांच्या जागेचा निघाला. दोन्ही जड बॅटऱ्या मागून काढून कन्सोलखाली नेल्या आणि मागची बाजू उचलली गेली.

पेट्रोलबद्दल तुम्ही दिलेला दम लक्षात आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि मर्यादेपलीकडे गेलं की पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी बसतो, नेमका इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी. म्हणून पेट्रोलमधलं पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा वॉटर सेपरेटर बसवला आहे. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत बोट उभी राहते, तेव्हा टाकी अर्धवट ठेवायची नाही. डेकखालची अॅल्युमिनियमची टाकीही झाकण काढून बाहेरून बघितली. ओल्या फोममध्ये रुतलेली टाकी बाहेरून सडते, आतून बघून काही कळत नाही.

उरला बिल्जचा, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसायचा पंप. बोटीबरोबर आला तो ताशी ११०० गॅलनचा, म्हणजे मिनिटाला जेमतेम ७० लिटर, तेही पाणी उचलावं लागत नसेल आणि बॅटरी ताजी असेल तर. पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर ५० मिलिमीटरचं भोक पडलं, तर मिनिटाला दीडशे लिटरच्या वर पाणी आत येतं. त्यामुळे पंपाचं काम वेळ विकत घ्यायचं, बोट वाचवायची ती भोकात ठोकायची लाकडी गुडदी हाताशी ठेवून, हे तुमचं वाक्य जेटीवर सगळ्यांना ऐकवतोय. गुडद्या प्रत्येक भोकाशेजारी दोरीने बांधल्या आहेत. दुसरा पंप थोडा वर बसवला, त्याचा फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा) फ्यूज लावून थेट बॅटरीला जोडायचा आहे, मुख्य स्विच बंद असला तरी चालेल असा. तेवढं काम बाकी आहे. झालं की फोन करतो. एकदा जोडणी बघून जा, आणि पेट्रोलचे पैसे या खेपेला तरी घ्या.

तुमचा,
कोथरूडचा गिऱ्हाईक