पाळीची तारीख आणि घरातले मौन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महालक्ष्म्या बसायच्या दिवशी ‘अडचण’ नको म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेण्याची पद्धत इंदूरच्या आमच्या मराठी घरांत जुनीच आहे. या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत हे तर खरेच. पण ज्या पाळीला पुढे ढकलायचे ती मुळात वेळेवर येते का, याची विचारपूस मात्र घरात कोणी करत नाही.

माझ्या सोळा वर्षांच्या भाचीला दोन-दोन, कधी तीन महिने पाळी येत नसे आणि आली की दहा-बारा दिवस थांबत नसे. ‘वय लहान आहे, लग्न झाले की सुरळीत होईल’, असे म्हणत आम्ही मोठ्यांनीच ते अंगावर काढले. जिना चढताना तिला धाप लागू लागली तेव्हा दवाखाना गाठला. मागच्या पाळीची तारीख कोणती, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता आणि आम्हा तिघींपैकी एकीलाही उत्तर देता आले नाही. ज्या दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे आणि गॅस सिलिंडरची तारीख न चुकता लिहिली जाते, तिच्यावर ही एक खूण कधी झालीच नव्हती. तपासणीत थायरॉइडचा दोष निघाला. हिमोग्लोबिन आठच्याही खाली गेले होते.

पाळीचे चक्र रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजतात. प्रौढ स्त्रीमध्ये ते साधारण 21 ते 35 दिवसांचे असते. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत 45 दिवसांपर्यंतचे अंतरही चालते. परीक्षेचा ताण, आजारपण किंवा वजनातील मोठा चढउतार यांमुळे एखादी पाळी मागेपुढे झाली तर घाबरू नये. परंतु तीन महिने पाळी न येणे, वारंवार 21 दिवसांच्या आत येणे, रक्तस्राव आठवड्याहून अधिक चालणे, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणे, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरू न होणे, यांपैकी काहीही असले तर डॉक्टरांना दाखवावे. तासा-तासाला पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी. विवाहित स्त्रीची पाळी चुकल्यास आधी गर्भधारणेची चाचणी करावी. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा थोडासा जरी डाग दिसला, तरी ‘उष्णता झाली’ म्हणून तो सोडून देऊ नये, हे माझ्या वयाच्या मैत्रिणींना विशेष आग्रहाने सांगते.

अविवाहित मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेण्यास आया कचरतात, त्यामागे तपासणीचीच भीती असते. भाचीची सोनोग्राफी भरपूर पाणी पाजून पोटावरूनच झाली, बाकी सारे रक्ताच्या चाचण्यांवर निभावले. आपल्या पत्राने एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून ही माहिती गणपतीपूर्वी सविस्तर छापावी, अशी विनंती आहे.

– एक वाचिका, राजेंद्रनगर, इंदूर