घन द्रावणाऐवजी दोन पुडींचे मिश्रण पाठवल्याबाबत तक्रार

मुंबई, दिनांक २२ जुलै

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: बिस्मथ ऑक्सिक्लोराइड व ऑक्सिब्रोमाइड यांचे सम प्रमाणातील घन द्रावण मागणीप्रमाणे न मिळाल्याबद्दल.

महोदय,

वरील संयुगाची दहा ग्रॅमची बाटली मी आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागामार्फत आपल्याकडून मागवली होती व ती २० जून रोजी मिळाली. बाटलीवर आणि सोबतच्या विश्लेषण प्रमाणपत्रावर ‘घन द्रावण’, म्हणजे दोन्ही संयुगे एकाच स्फटिकात एकजीव झालेला पदार्थ, असे स्पष्ट छापलेले आहे. प्रत्यक्षात आतला माल म्हणजे बिस्मथ ऑक्सिक्लोराइड आणि बिस्मथ ऑक्सिब्रोमाइड या दोन वेगवेगळ्या पुडी एकत्र केलेल्या आहेत.

रंगावरून हे कळण्यासारखे नव्हते, कारण पूड दोन्ही परिस्थितींत फिकट पिवळसरच दिसली असती. म्हणून तांब्याचे के-अल्फा किरण वापरून क्ष-किरण विवर्तन (किरण कोणत्या कोनांत वळतात त्यावरून स्फटिकातल्या थरांमधले अंतर काढण्याची पद्धत) करून घेतले. या दोन्ही संयुगांची स्फटिकरचना एकाच साच्याची, टेट्रागोनल आहे: बिस्मथ आणि ऑक्सिजन यांचे धनभारित थर, त्यांच्यामध्ये हॅलोजनचे दुहेरी थर, आणि समोरासमोरच्या हॅलोजन थरांना धरून ठेवणारे केवळ क्षीण व्हॅन डर वाल्स बल. क्लोराइडच्या (त्रिज्या १.८१ अँगस्ट्रॉम) जागी ब्रोमाइड (१.९६ अँगस्ट्रॉम) आला की थर एकमेकांपासून दूर सरकतात, त्यामुळे ए-अक्ष (स्फटिकाच्या एककाची थराच्या दिशेतली लांबी) ३.८९ वरून जेमतेम ३.९३ अँगस्ट्रॉमवर जातो, पण सी-अक्ष (थरांना लंब दिशेतली लांबी) ७.३७ वरून ८.१० वर पोहोचतो. खऱ्या घन द्रावणात दोन्ही आयन एकाच स्फटिकातील हॅलोजनच्या जागा वाटून घेतात. तसे असते तर वेगार्डच्या नियमानुसार (घन द्रावणाच्या अक्षांची लांबी घटकांच्या प्रमाणात त्यांच्या मधली येते) सी-अक्ष सुमारे ७.७४ अँगस्ट्रॉम भरून (००१) प्रतलाचे, म्हणजे थरांना समांतर पातळीचे, एकच शिखर ११.४ अंशांजवळ दिसायला हवे होते. आमच्या आलेखात तिथे काहीही नाही. शिखरे आहेत ती १०.९ आणि १२.० अंशांवर, म्हणजे नेमकी शुद्ध ब्रोमाइड व शुद्ध क्लोराइड संयुगांच्या जागी.

दूरध्वनीवर आपल्या तांत्रिक विभागाने सांगितले की क्लोरीन व ब्रोमीन यांचे गुणोत्तर एकास एक आहे, म्हणजे माल बरोबर आहे. गुणोत्तराबद्दल माझे काही म्हणणेच नाही. कच्चे डाळ-तांदूळ समप्रमाणात एकत्र केले तरी त्याला कोणी खिचडी म्हणत नाही. मूलद्रव्यांचे सरासरी प्रमाण दोन्ही बाबतींत तेच येते, आणि आपल्या प्रमाणपत्रात तेवढेच एक मोजमाप दिलेले आहे. पातळ पापुद्र्यांसारखे हे कण नमुनापट्टीवर आडवे पडतात, हा त्यांचा दुसरा मुद्दा खरा आहे. पण त्याने (००१) शिखराची उंची फुगते, त्याची जागा हलत नाही. पूड बाजूने भरून पुन्हा मोजणी केली, तेव्हाही शिखरे तिथेच होती.

मुंबईच्या पावसाळी दमटपणाने माल ‘फुटला’ असावा, हे स्पष्टीकरण मात्र मला पटण्यासारखे नाही. ही संयुगे मुळात बिस्मथच्या क्षारांचे पाण्यात जलापघटन करून बनवली जातात आणि पाण्यात विरघळत नाहीत. जी पूड पाण्यातच तयार होते, ती बंद बाटलीत हवेच्या ओलाव्याने दोन घटकांत विभागली जाईल कशी? भट्टीत तापवून एकजीव करून घ्या, असाही सल्ला मिळाला. जास्त तापवल्यास हॅलोजन उडून जातो व बिस्मथचे प्रमाण अधिक असलेली वेगळीच ऑक्सिहॅलाइडे तयार होतात. शिवाय, जे तयार स्वरूपात विकले आहे ते ग्राहकाने स्वतः बनवून घ्यावे, ही अपेक्षाच अजब आहे.

माझ्या प्रयोगाचा सगळा भर पट्टांतराच्या (पदार्थातल्या इलेक्ट्रॉनला वरच्या ऊर्जापट्ट्यात जाण्यासाठी लागणाऱ्या किमान ऊर्जेच्या) मधल्या मूल्यावर आहे: क्लोराइड संयुगाचे पट्टांतर ३.२ ते ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, ब्रोमाइडचे सुमारे २.७, आणि मला हवे होते त्यांच्या मधले. मिश्रणात दोन्ही मूल्ये आपापल्या जागी राहतात, त्यामुळे या पुडीवर केलेले महिनाभराचे काम मला टाकून द्यावे लागले.

म्हणून पंधरा दिवसांच्या आत त्याच प्रमाणातले खरे घन द्रावण, त्या बॅचच्या विवर्तन आलेखासह पाठवावे. ते शक्य नसल्यास बाटलीची पूर्ण किंमत आणि दोन्ही मोजण्यांचे शुल्क परत करावे. आमचे दोन्ही आलेख, बाटलीवरील चिठ्ठीचे छायाचित्र आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे. उरलेली सुमारे सात ग्रॅम पूड सीलबंद ठेवली असून आपला प्रतिनिधी ती विभागातून केव्हाही नेऊ शकेल.

कळावे,

आपली,
संशोधक विद्यार्थिनी, रसायनशास्त्र विभाग