भीती घालून हाड जुळत नाही

मा. संपादक,

परवाच्या आरोग्य पुरवणीतला 'वेदनाशामक गोळ्या : गोड विष' हा लेख आमच्या घरी सगळ्यांच्या आधी आबांनी वाचला. आपल्या वर्तमानपत्रावर त्यांचा जेवढा विश्वास आहे तेवढा पंचांगावरही नसेल. परिणाम असा झाला की दुपारची गोळी त्यांनी गुपचूप उशीखाली सरकवली आणि संध्याकाळी वॉकर पुढे केल्यावर 'माले नहीं उठनं' म्हणून भिंतीकडे तोंड फिरवले. लेखकांचे अभिनंदन. आम्ही घरातली चार माणसे जे आबांकडून करून घेऊ शकत नाही, ते त्यांनी दोन रकान्यांत करून दाखवले.

आबा ऐंशीला टेकलेले. गोठ्यात पाय घसरला, खुबा मोडला, धुळ्याला ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी थोड्याच दिवसांसाठी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी लिहून दिली आणि फिजिओथेरपीच्या ताईंनी बजावले की व्यायामाच्या तासभर आधी ती द्या, म्हणजे पाय टेकवताना कळ सोसवेल. म्हातारे माणूस खुब्याच्या ऑपरेशननंतर दुखतेय म्हणून पडून राहिले की छातीत कफ धरतो, न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा पडतात. दुखणे अंगावर काढण्याची ही किंमत आहे. आपल्या लेखात तिच्याबद्दल एक ओळसुद्धा नाही.

लेखकांनी सगळ्या गोळ्या एकाच दावणीला बांधल्या आहेत. डायक्लोफिनॅक या वेगळ्या गटातल्या वेदनाशामकाने पोट आणि मूत्रपिंड बिघडते ते ट्रॅमाडॉलच्या खात्यावर, आणि ट्रॅमाडॉलची सवय लागते ती सगळ्यांच्या खात्यावर! सवय लागू शकते हे मी नाकारत नाही. ते अफूसारखे काम करणारे, ओपिऑइड गटातले औषध आहे, म्हणून तर सरकारने २०१८ मध्ये त्याला अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या दिवसांपुरते, ठरल्या मात्रेत घेणे वेगळे आणि मनाला येईल तेव्हा घेणे वेगळे. मनाला येईल तेव्हा घेणारे आमच्या शेजारीच राहतात.

त्याच संध्याकाळी शेजारचे नाना आले. आबांची विचारपूस झाली, चहा झाला, मग हळूच म्हणाले, 'एक गोयी माले बी दे ना भाऊ, कंबर धरेल शे.' नाना रोज संध्याकाळी थोडी 'घेतात' आणि रात्री झोपेची गोळीही घेतात. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर हे औषध पोटात गेले तर श्वास मंदावतो, माणूस झोपेतच जाऊ शकतो. मी नाही म्हटले. नाना रुसून गेले आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अख्खी पट्टी घेऊन आले, मुद्दाम मला दाखवायला! हे शेड्यूल एच-वनमधले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीतले औषध आहे. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो. दुकानदाराने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, किती दिले हे वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षे जपायचे असते. नानांचे नाव त्या रजिस्टरात कोणत्या डॉक्टरसमोर लिहिले असेल, कोण जाणे. म्हणजे ज्याला गरज आहे तो लेख वाचून घाबरला, आणि ज्याला घाबरायला हवे तो वर्तमानपत्र वाचतच नाही.

लेखात खरे तर काय हवे होते? की या गोळीत आधीच पॅरासिटामॉल आहे, तेव्हा ताप आला म्हणून वरून आणखी पॅरासिटामॉल देऊ नका. आकडीचा त्रास असेल किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. पोट हमखास बांधले जाते, त्यासाठीचे औषध पहिल्याच दिवशी विचारून घ्या. चक्कर येते, म्हणून रात्री म्हाताऱ्या माणसाला एकटे मोरीकडे जाऊ देऊ नका, नाहीतर दुसरा खुबा मोडेल. बरेच दिवस घेतली असेल तर एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारून कमी करत न्या. माणूस हलवूनही उठत नसेल, श्वास अगदी संथ चालला असेल तर लिंबू-सरबत पाजत बसू नका, १०८ ला फोन लावा. काहींना याच गटातल्या दुसऱ्या औषधाचा, अंगावर चिकटवायचा पॅच देतात. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर औषध अंगात भराभर उतरते, आणि आपल्या खान्देशात तर दुखऱ्या भागाला शेक दिल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर असतानासुद्धा!

उरलेल्या गोळ्यांचेही सांगायला हवे होते. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये कचऱ्यात न टाकता शौचालयात टाकून पाणी ओढावे अशा १७ औषधांची यादी काढली, तीत ट्रॅमाडॉल आहे. आपल्याकडे उरलेल्या गोळ्या घरोघरी कपाटात राहतात, नानांसारख्यांसाठी.

आता जाता जाता. त्याच लेखाच्या खाली आपण 'संधिवात मुळापासून बरा, पहिल्याच पुडीत फरक' अशी पाव पानाची जाहिरात छापली आहे. पुडीत काय आहे ते कुठेच लिहिलेले नाही. अशा बिनलेबलच्या पुड्यांमध्ये स्टेरॉईड सापडल्याचे प्रकार झाले आहेत, आणि अशा जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ पासून आहे. तो आपल्या जाहिरात विभागापर्यंत पोहोचलेला दिसत नाही. आबांनी लेख वाचून गोळी सोडली आणि जाहिरात वाचून ती पूड मागवायला सांगितली आहे. मी अजून मागवलेली नाही. खुलासा छापणार असाल तर त्याच पानावर, तेवढ्याच मथळ्यात छापा, आतल्या कोपऱ्यात नको.

कळावे.

– एक जुना वर्गणीदार, अमळनेर तालुका