अभ्यासिकेचा प्रिंटर सुरू करून देणाऱ्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सविनय नमस्कार.

नंदनवनातील आमच्या अभ्यासिकेचा संगणक डेबियन 11 या लिनक्स प्रणालीवर चालतो. देणगीत मिळालेला जुना प्रिंटर त्याला जोडल्यापासून प्रत्येक छपाई ‘फिल्टर फेल्ड’ असा शेरा देऊन थांबत होती. प्रवेशपत्राच्या एका प्रतीसाठी मुलांना मे महिन्याच्या भर दुपारी झेरॉक्सच्या दुकानात जावे लागे, म्हणून मी इंटरनेटवर सापडतील त्या लायब्ररी फाइली (प्रोग्रामांना लागणारे तयार सामायिक भाग) उतरवून सिस्टीमच्या फोल्डरात टाकत सुटलो होतो. आपण आल्याआल्या त्या सगळ्या मला काढायला लावल्यात, तेव्हा मनातून रागच आला होता, हे आज कबूल करतो.

मग तो फिल्टर, म्हणजे मजकूर प्रिंटरला समजेल अशा रूपात आणणारा ड्रायव्हरमधला छोटा प्रोग्राम, आपण टर्मिनलमधून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) थेट चालवायला सांगितलात. उत्तर आले, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, म्हणजे अशी फाइलच नाही. यादी काढावी, तर फाइल जागच्या जागी. प्रोग्रामला कोणत्या लायब्ररी लागतात ते सांगणाऱ्या ‘एलडीडी’ला विचारले, तर त्याच्या मते तो डायनॅमिक, म्हणजे बाहेरच्या लायब्ररी वापरणारा, प्रोग्रामच नव्हता. शेवटी कूलरच्या घरघरीत आपण मला फाइलीचा प्रकार सांगणारी ‘फाइल’ ही कमांड द्यायला लावलीत आणि उत्तरातील ‘32 बिट’ या शब्दांवर बोट ठेवलेत. हरवला होता तो फिल्टर नव्हे, तर त्याला मेमरीत चढवणारा 32 बिट लोडर. आमच्या 64 बिट सिस्टीममध्ये तो कधी बसवलेलाच नव्हता, आणि कर्नलला (प्रणालीच्या गाभ्याला) लोडर सापडत नसताना शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, मात्र नाव फिल्टरचे छापत होते. पंधरा दिवस मी चुकीच्या फाइलीचा शोध घेत होतो!

पुढचे काम दहा मिनिटांचे ठरले. पॅकेज बसवणाऱ्या ‘डीपीकेजी’त आय-386 (32 बिट) आर्किटेक्चर जोडून, पॅकेजांची यादी ताजी करून, ज्यात तो लोडर असतो त्या लिबसी-6 या मूळ लायब्ररीची 32 बिट आवृत्ती बसवताच ‘एलडीडी’ने सरळ सांगितले की लिबकप्सइमेज ही छपाईची लायब्ररी सापडत नाही. तीही इंटरनेटवरून पॅकेज आणणाऱ्या ‘एपीटी’ने आणून दिली आणि चाचणीचे पान बाहेर आले. ड्रायव्हर बनवणाऱ्यांनी पॅकेजच्या ‘डिपेंड्स’ (आणखी कोणती पॅकेज लागतात) या ओळीत एवढे नोंदवले असते, तर काय कमी आहे ते पहिल्याच दिवशी कळले असते, असो.

कीबोर्डला आपण एकदाही हात लावला नाहीत, म्हणून या साऱ्या कमांड आज मला येतात. हजेरीवहीच्या शेवटच्या पानावर त्या मी क्रमाने उतरवून ठेवल्या आहेत. आपण चहासुद्धा अर्धाच घेतलात, तेवढा उरलेला घ्यायला अवश्य यावे.

आपला कृतज्ञ,
अभ्यासिकेचा व्यवस्थापक, नागपूर