केस पेपरची पहिली ओळ

ताई,

आम्ही तुम्हाला आठवत असू असं नाही. सोमवारची मानसोपचाराची ओपीडी, केस पेपर लिहून घ्यायला तुम्ही, समोर आवाज ऐकू येतात म्हणून ११ वर्षांचं पोर कानांवर हात दाबून बसलेलं, सोबत मी आणि सासूबाई.

तुमच्या टेबलापर्यंत पोचायला आम्हाला १४ महिने लागले. शाळा म्हणाली, नाटकं करतो. एका डॉक्टरांनी मान वर न करता झोपेच्या गोळ्या लिहिल्या. दुसऱ्यांनी 'मोबाइल बंद करा' सांगून ५०० रुपये घेतले. आमच्या घरात तेव्हा एकच मोबाइल, तोही बटणांचा! अंगारेधुपारेही झाले, ते मात्र माझ्या पदरात घाला.

तुम्ही विचारलंत, "हा आधी कसा होता?"

मला सुचेचना. इतके दिवस बिघडलेलंच सांगत फिरत होते. मग तोंडून निघून गेलं, आळीतल्या सगळ्या सायकलींच्या चेनला तेल घालायचा, कुणी न सांगता. तुम्ही ते लिहिलंत. तक्रारींच्याही वर, पहिल्या ओळीत. टेबलापलीकडून मी ते उलटं वाचलं, आणि तिथंच माझा बांध फुटला.

मग दीड तास. बोलायला कधी लागला, फिट आली का, डोक्याला मार, तापात बरळणं, कुठली औषधं चालू होती. तेव्हा वाटलं, हे कशाला? आता ठाऊक आहे, स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, भास होणं असा हा आजार, १३ वर्षांच्या आत इतका क्वचित होतो, की आधी हे सगळं तपासून बाजूला काढावं लागतं. आणि तो रक्तात किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही, घरच्यांच्या सांगण्यातून आणि पोराशी बोलून, त्याला बघूनच हाती लागतो.

"घराण्यात कुणाला?" मी 'नाही' म्हणाले. सासूबाई गप्प. तुम्ही पुढचा प्रश्न विचारलाच नाही, नुसत्या थांबलात. 'पंढरपूरला गेले ते आलेच नाहीत' असं जे चुलतसासरे मी लग्नापासून ऐकत आले, ते भिंतीशी बोलायचे, हे मला त्या दिवशी कळलं. सांगून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "लिवा बाई, आता काय लपवायचं."

निदान मोठ्या डॉक्टरांनी केलं, त्यांचेही उपकार आहेतच. पण त्यांनी आधी तुमची पानं वाचली, शेवटपर्यंत, आणि मगच पोराकडे वळले.

आवाज अजून पुरते गेलेले नाहीत. गोळ्यांनी भूक वाढलीय, शाळा अर्धा दिवस. येत्या सोमवारी तारीख आहे. सासूबाईंनी तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटलीय, नियमात बसत नाही वगैरे त्यांना सांगू नका, त्या ऐकायच्या नाहीत.

— सायकलवाल्याची आई